मूल होत नसेल तर आधी वीर्यतपासणी, मग अश्वगंधा

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे तपासण्यांची रांग लागते ती बाईची. रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, वेळ पडली तर भूल देऊन लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी, जिला ना सुई लागते ना भूल आणि खर्चही फार येत नाही, ती या सगळ्यानंतर कधीतरी होते. अनेक घरांत होतच नाही. त्याऐवजी कुणीतरी सांगितलेला अश्वगंधेचा डबा येतो आणि वर्ष-दीड वर्ष दुधाबरोबर घेतला जातो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीनं असतं. तरीही हा क्रम हलत नाही. हा उशीर आयुर्वेदाच्या नावावर खपवला जातो याचं मला विशेष वाईट वाटतं, कारण खुद्द आयुर्वेदाच्या ग्रंथांनी पुरुषाला यातून कधीच मोकळं सोडलेलं नाही.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अख्खं अंग, वाजीकरण, पुरुषाच्या या प्रश्नासाठी राखलेलं आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर, म्हणजे बळ आणि आयुष्य वाढवणाऱ्या उपायांनंतर, लगेच दुसरा अध्याय वाजीकरणाचा येतो. ताप, रक्तपित्त वगैरे रोग त्याच्यानंतर. त्यात अपत्यहीन म्हणून ज्याचं वर्णन आहे तो पुरुष आहे: सावली नसलेल्या, एकाच फांदीच्या, फळ न धरणाऱ्या झाडासारखा. सुश्रुतानं शारीरस्थानात गर्भ राहण्यासाठी ऋतू (योग्य काळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबू (पोषक रस) आणि बीज या चार गोष्टी एकत्र याव्या लागतात असं सांगितलं. बीजातला दोष हे मूल न होण्याचं कारण असू शकतं, हे त्या काळात इतकं स्पष्ट मांडलेलं आहे.

त्याहून महत्त्वाचा एक भेद चरकानं तिसाव्या अध्यायात केला आहे. क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, त्यानं कारणांवरून चार प्रकार दिले: बीजोपघात म्हणजे बीज बिघडणं, ध्वजभंग म्हणजे ताठरता न येणं, जरा म्हणजे म्हातारपण, आणि शुक्रक्षय म्हणजे वीर्य घटणं. बीज बिघडणं वेगळं आणि लिंगाला ताठरता न येणं वेगळं, हे तिथे नीट वेगळं मांडलं आहे. आज दुकानात, भिंतींवर आणि मोबाइलवर जे विकलं जातं त्यात नेमका हाच भेद पुसलेला असतो. ‘ताकद’ या एका शब्दात कामेच्छा, ताठरता, वेळ आणि अपत्यप्राप्ती असं सगळं कोंबलेलं असतं. प्रत्यक्षात उत्तम कामजीवन असलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. बाहेरून, रंगावरून, दाटपणावरून ते कळत नाही. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींच्या स्रावाचा असतो, वृषणांतून येणारा वाटा अगदी थोडा.

हे ग्रंथकारांना दिसणं शक्यच नव्हतं. शुक्राणू पहिल्यांदा पाहिला गेला तो १६७७ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी, लेव्हेनहूकच्या सूक्ष्मदर्शकाखाली. त्याआधी वैद्याजवळ डोळे, नाक आणि बोटं एवढीच साधनं होती. फेनिल (फेसाळ), तनू (पातळ), रूक्ष (कोरडं), विवर्ण (रंग बदललेलं), पूती (दुर्गंधी येणारं), पिच्छिल (बुळबुळीत), रक्तासारखे इतर धातू मिसळलेलं आणि अवसादी (पाण्यात बुडणारं), हे चरकाचे शुक्राचे, म्हणजे वीर्याचे, आठ दोष त्या साधनांतून आलेले आहेत. त्यांतले काही आजही अर्थपूर्ण आहेत: वीर्यात रक्त किंवा पू दिसणं, फार घट्ट चिकट राहणं, यांची नोंद आजची प्रयोगशाळाही करते. सुश्रुतानं तर काही शुक्रदोष कष्टानं बरे होणारे आणि मलमूत्राचा वास येणारं शुक्र असाध्य, असं लिहून ठेवलं. सगळ्यावर औषध आहे असा दावा त्यानं केला नाही.

आता आजच्या अहवालाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमपुस्तिकेत वीर्याचं किमान प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, एकूण ३.९ कोटी, हालचाल करणारे ४२ टक्के आणि सुघटित आकाराचे ४ टक्के असे आकडे आहेत. हा शेवटचा आकडा वाचून अनेकांचा जीव दडपतो. ‘९६ टक्के खराब’ असा अर्थ ते काढतात. तसं नाही. वर्षभराच्या आत ज्यांना गर्भधारणेत यश आलं अशा पुरुषांच्या तपासण्यांतून हे आकडे काढले आहेत, आणि त्यांच्यातल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांना वेगळं करणारी ही रेषा आहे. तिच्या खाली असलेल्यांनाही मुलं होतात, वर असलेल्यांनाही कधी होत नाहीत. शिवाय एकाच माणसाचा आकडा दर वेळी बदलतो. नमुना देण्याआधी २ ते ७ दिवसांचा संयम ठेवायचा असतो, आणि पहिला अहवाल कमी आला तर काही आठवड्यांनी दुसरा करायचा असतो.

औषधांची परीक्षा करताना आणखी एक मुदत लक्षात ठेवावी लागते. वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, मग अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून, पुढे सरकत पक्व व्हायला आणखी दोनेक आठवडे. सुश्रुतानं आहाररसापासून शुक्र तयार व्हायला एक महिना धरला होता. प्रत्यक्षात तीन महिने आहेत. म्हणजे आज जो नमुना दिला त्यात तीन महिन्यांपूर्वीचा टायफॉइड, डेंग्यू किंवा लग्नसराईतली दारू उतरलेली असते. आठवड्यात शुक्राणू वाढवून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो, एवढं यावरून निश्चित म्हणता येतं.

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो अश्वगंधेचा, आपल्याकडच्या आस्कंदाचा. लखनौच्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास मूल न होणाऱ्या पुरुषांना मुळांचं चूर्ण रोज ५ ग्रॅम, तीन महिने दिलं. त्यांच्यात धूम्रपान करणारे होते आणि मानसिक ताणाखाली असलेलेही. वीर्याची प्रत सुधारली, ताणाशी निगडित कॉर्टिसॉल उतरलं आणि १४ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. पण यात खोटी गोळी दिलेला तुलनागट नव्हता, त्यामुळे औषधाविना किती जणांना यश आलं असतं हे सांगता येत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तो गट होता. शुक्राणू कमी असलेले ४६ पुरुष घेतले. २१ जणांना मुळांचा अर्क रोज ६७५ मिलिग्रॅम, ९० दिवस दिला. त्यांची सरासरी दर मिलिलिटरला सुमारे ९६ लाखांवरून अडीच कोटींच्या वर गेली. १६७ टक्के वाढ! जाहिरातींत हाच आकडा फिरतो. एकवीस माणसांवरचा आहे, हे मात्र जाहिरातीत नसतं.

मला हे निष्कर्ष आशादायक वाटतात आणि अपुरेही. अपुरे का, ते आधुनिक औषधांच्याच एका धड्यावरून कळेल. झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जगभर शुक्राणूंसाठी दिल्या जात, छोट्या अभ्यासांत आकडे सुधारत. मग अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल आला: गोळ्या घेतलेल्यांत ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं, खोट्या गोळ्या घेतलेल्यांत ३५ टक्के. उलट खऱ्या गोळ्यांच्या गटात शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड थोडी जास्तच दिसली. जोडप्याला हवं असतं मूल, अहवालातला आकडा नव्हे. अश्वगंधेची अशी हजारो जोडप्यांवरची, जन्मलेली बाळं मोजणारी चाचणी झालेली नाही. ती आपल्याच देशात व्हायला हवी.

बाकीच्या वनस्पतींचा पुरावा याहून पातळ आहे. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा हे द्रव्य खरोखरच असतं, पार्किन्सनच्या औषधातलं तेच; मेंदूतल्या डोपामिनमार्फत प्रोलॅक्टिन हे संप्रेरक उतरवून ते उपयोगी पडत असावं, आणि लखनौच्याच अभ्यासांत त्याचे चांगले परिणाम नोंदले गेले. पण एवढं प्रभावी द्रव्य असलेली बी मनानं चमच्यानं खाऊ नये, मानसोपचाराची औषधं चालू असलेल्यांनी तर मुळीच नाही. शिलाजिताचा कोलकात्याचा २०१० चा अभ्यास शेवटपर्यंत टिकलेल्या २८ रुग्णांवर उभा आहे. गोखरूनं निरोगी पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढतं हा जिममधला समज चाचण्यांत टिकला नाही. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे, पावसाळ्यात खातो ती फोडशी तिच्याच कुळातली, पण माणसांतल्या वंध्यत्वावर तिचा भरवशाचा पुरावा जवळजवळ नाही. बरंचसं काम उंदरांवरचं.

वृष्य, म्हणजे वीर्य वाढवणारा, आहार म्हणून उडीद, दूध, तूप, साखर यांचे पाक ग्रंथांत पानोपानी आहेत. ते क्षीण, झिजलेल्या माणसासाठी होते, आणि तेही आधी शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, करून, पचनशक्ती पाहून द्यायचे होते. आज दवाखान्यात येणाऱ्या पुरुषाचं पोट सुटलेलं असतं, साखर वाढलेली असते. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रीसंप्रेरक, करतात. त्याला उडदाचे लाडू देणं हे ग्रंथालाही धरून नाही. वजन उतरवणं हाच त्याचा उपचार. तंबाखूचंही तेच: मुंबईत तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांवरच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खाणं जितकं जास्त तितकी वीर्याची प्रत खालावलेली दिसली. गुटखा तोंडात आणि अश्वगंधा दुधात, याला अर्थ नाही. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, म्हणून भट्टीसमोर काम करणारे किंवा तासन् तास बसून गाडी चालवणारे यांनी ते डॉक्टरांना आणि वैद्यांना आवर्जून सांगावं.

चरकाच्या श्रेष्ठ गोष्टींच्या यादीतली दोन वाक्यं मला फार मोलाची वाटतात: सौमनस्य, म्हणजे मनाची प्रसन्नता, हे गर्भधारणेला सर्वांत हितकर, आणि दौर्मनस्य, म्हणजे मनाची खिन्नता, हे वृष्यतेला सर्वांत घातक. शुक्र बिघडण्याच्या कारणांतही त्यानं चिंता, शोक, भय, क्रोध घातले आहेत. दर महिन्याला सासूबाईंचे प्रश्न, तारीख पाहून ठरवलेला संबंध, नातेवाइकांचे टोमणे, यांत भरडल्या जाणाऱ्या जोडप्याला हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणी ओळखलं होतं याचा धीर वाटावा.

‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य’ या समजुतीनं मात्र पिढ्यान् पिढ्या तरुणांना धास्तावून ठेवलं. वीर्य जाण्याच्या भीतीतून येणाऱ्या थकव्याला आणि उदासीला १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. मूल हवं म्हणून महिनाभर वीर्य ‘साठवणारे’ नवरे आजही आहेत. साठवलेल्या वीर्यात म्हातारे, मंद, डीएनए तुटलेले शुक्राणू वाढतात. दोन पाळ्यांच्या मधल्या, स्त्रीबीज फुटण्याच्या आधीच्या पाच-सहा दिवसांत एक दिवसाआड संबंध आला तर शक्यता सर्वांत चांगली.

औषधातल्या भेसळीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं शुक्राणूंना थेट मारक आहे. ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणवणाऱ्या शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं आधुनिक औषध मिसळलेलं वारंवार आढळलं आहे. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाचा त्यानं रक्तदाब धोकादायक कोसळू शकतो. कामशक्ती वाढवण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे तशी जाहिरात दिसली तर तेवढ्यावरूनच ते औषध टाळावं. अश्वगंधेनंही काहींना यकृताची कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या पातळ्या बदलू शकतात.

आणि काही कारणांपुढे कुठलंच चूर्ण चालत नाही. वंध्यत्व असलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांत वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात, बहुधा डाव्या बाजूला. त्या हातानं तपासून कळतात आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रियेनं बांधता येतात. शुक्रवाहिनी जन्मतःच नसणं, वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणं, लहानपणी न उतरलेलं वृषण, मोठेपणी गालगुंडांत सुजलेलं वृषण, यांचं निदान तपासणीशिवाय होत नाही. जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर शुक्राणूंची निर्मिती बंद पाडतात, कारण बाहेरून मिळणारं पाहून मेंदू वृषणांना संदेश पाठवणंच थांबवतो. ती बंद केल्यावर आकडा परत यायला अनेक महिने जातात. वीर्यात शुक्राणू शून्य असले तरी काहींच्या वृषणातून ते काढता येतात आणि १९९२ पासून वापरात असलेल्या इक्सी पद्धतीनं प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडता येतो.

म्हणून वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, आणि बायको पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहाच महिन्यांत, दोघांची तपासणी एकाच आठवड्यात सुरू करावी. अहवालात शुक्राणू थोडे कमी आणि कारण काही सापडलं नाही, अशा वेळी पदवीधर, नोंदणीकृत वैद्यांकडून अश्वगंधेसारखं औषध घ्यायला माझी हरकत नाही; यकृताची तपासणी आधी करावी, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दाखवाव्यात. मुदत तीन महिन्यांची. त्याच प्रयोगशाळेत, तितक्याच दिवसांच्या संयमानंतर पुन्हा नमुना द्यावा, आणि फरक नसेल तर चौथ्या महिन्याचा डबा आणू नये.