झोपेचे आरोग्यनियम

रात्री झोप वेळेवर, सलग व पुरेशी लागावी म्हणून दिनक्रम, आहार, अंथरूण आणि निजण्याची जागा यांबाबत पाळावयाच्या सवयी. आधुनिक वैद्यकात त्या ‘स्लीप हायजीन’ या नावाने परिचित आहेत. प्रौढांना रोज किमान सात तास झोप आवश्यक मानतात.

या संकल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके तिचे श्रेय मानसशास्त्रज्ञ पीटर हाउरी यांना देतात. निद्रानाशाच्या रुग्णांसाठी त्यांनी १९७७ मध्ये अशा नियमांची यादी प्रसिद्ध केली. निद्रासंशोधक नेथनिएल क्लाइटमन यांनी मात्र १९३९ च्या आपल्या ग्रंथात हा विषय आधीच हाताळला होता, आणि इटालियन वैद्य पाओलो मांतेगाझ्झा यांच्या आरोग्यविषयक लेखनाकडे बोट दाखवून काही अभ्यासक ही कालरेषा १८६४ पर्यंत मागे नेतात. हाउरी यांना प्रवर्तकापेक्षा संकलक म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

भारतीय परंपरेतील विवेचन याहून बरेच जुने आहे. चरकसंहितेचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान धरतात. तिच्या सूत्रस्थानात, म्हणजे पहिल्या विभागात, निद्रेची गणना आहार व ब्रह्मचर्य यांच्यासह शरीराच्या तीन उपस्तंभांत केली आहे. एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी अभ्यंग, स्नान, दही घातलेला साळीचा भात, दूध, स्निग्ध पदार्थ, मद्य, मनाला रुचणारे गंध व शब्द, अंग चेपणे, नीट घातलेले अंथरूण, सुखकर घर आणि नेहमीची वेळ असे उपाय येतात. यांपैकी मद्य आज कोणी सुचवणार नाही: त्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. दुसरीकडे, शेवटचे तीन उपाय हाउरींच्या यादीतही शोभले असते. झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचे दूध श्रेष्ठ, असेही चरक अन्यत्र नोंदवतो.

दिवसा झोपणे चरकाला ग्रीष्माखेरीज सहसा मान्य नाही. बालक, वृद्ध, दुर्बल व थकलेले यांना सूट आहे. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी मात्र रूक्षही (शरीर कोरडे करणारी) नव्हे आणि अभिष्यंदीही (शरीरातील मार्ग चोंदवणारी) नव्हे, असा निर्वाळा तो देतो. (कचेरीतल्या वाचकांना हा आधार पुरेसा व्हावा.) सुश्रुताने जेवणानंतर शंभर पावले चालून डाव्या कुशीवर पहुडण्यास सांगितले आहे. महाराष्ट्रातील शतपावली व वामकुक्षी यांचे मूळ येथे दाखवले जाते. पण पहुडणे म्हणजे तास-दोन तास झोपणे असा अर्थ या वचनातून निघत नाही.

नियमांमागील शरीरक्रिया निद्रासंशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांच्या १९८२ च्या द्विप्रक्रिया प्रतिमानाने बऱ्यापैकी उलगडते. जागेपणी झोपेचा दाब साठत जातो, आणि मेंदूतील जैविक घड्याळ त्याला वेळ नेमून देते. उशिराच्या दुपारच्या झोपेने हा दाब ओसरतो. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने घड्याळ मागे पडते, सकाळच्या उन्हाने ते पुढे सरकते. चहा-कॉफीतील कॅफीन शरीरातून निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात; ४०० मिलिग्रॅम कॅफीन निजण्यापूर्वी सहा तास घेतले, तरी झोप तासाभराहून अधिक घटल्याचे २०१३ च्या एका प्रयोगात दिसले.

एकटे हे नियम जुनाट निद्रानाशावर फारसे लागू पडत नाहीत. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२१ मध्ये, केवळ तेवढ्यावर उपचार करू नये अशी सशर्त शिफारस केली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांची १९७२ ची पद्धत अधिक परिणामकारक मानली जाते: पेंग आल्यावरच अंथरुणावर जावे, तेथे जेवण, टीव्ही, मोबाइल वर्ज्य, वीसेक मिनिटांत डोळा न लागल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसावे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. एका खोलीच्या घरात ‘दुसरी खोली’ कोठून आणायची, हा प्रश्न उरतोच. तेथे अंथरुणाबाहेर पाटावर बसणे एवढेच शक्य असते.

तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणे, जायफळ उगाळून दुधातून घेणे हे घरगुती उपाय रूढ आहेत. रात्रपाळीच्या कामगारांना वरील नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. घरी परतताना गडद चष्मा व खोलीला जाड पडदे सुचवले जातात.