शर्मन रणगाडा: डेट्रॉइट ते खेमकरण

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा अमेरिकेकडे मिडियम टँक म्हणून दाखवावं असं फारसं काही नव्हतंच. ७५ मिमीची तोफ पाहिजे हे कळलं होतं, पण एवढी तोफ टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, बसवायचा अनुभव नव्हता, मग काय, जुगाड केला आणि तोफ बॉडीतच उजव्या बाजूला बसवून टाकली. हा एम३, म्हणजे ली किंवा ग्रँट. डावीकडं नेम धरायचा तर बऱ्याचदा अख्खा रणगाडाच वळवायला लागायचा!

तो बनत असतानाच खालचा सांगाडा बराचसा तोच ठेवून टरेटवाला एम४ तयार झाला, १९४२ च्या सुरुवातीला कारखान्यातून बाहेर पडायला लागला. शर्मन हे नाव इंग्रजांनी दिलं, अमेरिकन यादवी युद्धातल्या जनरलवरून.

इंजिनाची गोष्ट भारी आहे. एवढे रणगाडे काढायचे तर एकाच जातीची इंजिनं पुरणार कुठून, म्हणून जे मिळेल ते बसवलं, कुठं विमानाचं रेडियल, म्हणजे गोलात सिलिंडर मांडलेलं इंजिन, कुठं ट्रकची दोन डिझेल, आणि क्रायसलरने तर डेट्रॉइटमध्ये कारची पाच इंजिनं एकत्र जोडून एक केलं. रेडियलवाला बराच वेळ उभा राहिला की खालच्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरायचं, मग स्टार्ट करण्याआधी मागं उभं राहून हँडल फिरवत बसायचं.

पहिली मोठी लढाई ऑक्टोबर १९४२, अल अलामीन, इंग्रजांच्या हातात. पुढं नॉर्मंडीत जर्मनांचे पँथर-टायगर रणगाडे समोर आल्यावर मात्र ७५ मिमीची तोफ कमी पडायला लागली. पेट्रोल इंजिन म्हणून शर्मन पेटायचा असं सर्रास सांगतात, पण पँथरही पेट्रोलवरच चालायचा की! खरी गोची आतल्या तोफगोळ्यांची होती, ते बाजूच्या कप्प्यांत उंचावर रचलेले असायचे. नंतर ते तळाला, भोवती पाणी भरलेल्या कप्प्यांमध्ये ठेवायला लागले तेव्हा आगी बऱ्याच कमी झाल्या. एकूण ४९ हजारांच्या वर शर्मन बनले, एक गेला की दुसरा हजर, माझ्या मते जर्मनांना नडलं ते हेच.

आपल्याकडचा धागा ब्रह्मदेशातून येतो. १९४५ मध्ये मेकटिलाच्या मोहिमेत २५५ इंडियन टँक ब्रिगेडकडे शर्मनच होते आणि डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट त्याच ब्रिगेडमध्ये. गंमत म्हणजे वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला डेक्कन हॉर्स पुन्हा शर्मन घेऊनच उतरली, समोर पाकिस्तानचे पॅटन, म्हणजे अमेरिकेचाच पुढच्या पिढीचा माल. पण आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडून ठेवलेलं, पॅटन चिखलात रुतले आणि उसात दबा धरून बसलेल्या रणगाड्यांच्या तोंडी आले. त्या युद्धात पकडलेला पॅटन नगरच्या टँक म्युझियममध्ये बघायला मिळतो.