बाणाआधी पोचतो तो टणत्कार

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, तिथल्या भाषेत व्हाइटटेलची, धनुष्यबाणाने शिकार करायला परवाना मिळतो. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषयच मिटला, आणि बरं झालं.) तिथल्या शिकाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे: नेम बरोबर होता, तरी बाण पाठीवरून गेला.

नेम खरंच बरोबर असतो. हरीण मात्र होतं तिथे राहिलेलं नसतं.

कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ९० मीटर जातो. दोरीचा टणत्कार जातो ३४० मीटरच्या वेगाने. हरीण २७ मीटरवर असेल तर आवाज त्याच्या कानाशी ०.०८ सेकंदात पोचतो, बाणाला ०.३ सेकंद लागतात. दशरथाने आवाजावर बाण सोडला होता. इथे आवाजावर हालचाल करतं ते हरीण.

त्याला बाण दिसत नाही, तो चुकवायचाही नसतो. त्याला पळायचं असतं, आणि उडी मारायची तर आपल्यासारखंच आधी गुडघ्यांत वाकावं लागतं. गंमत अशी की खाली जाताना त्याची ताकद फारशी कामाची नाही. पाय जमिनीला रेटू शकतात, जमीन ओढून धरू शकत नाहीत. म्हणून धड गुरुत्वाकर्षणाने पडेल त्याहून वेगाने खाली जात नाही. मित्राने सोडलेली पट्टी दोन बोटांत पकडून बघा. ती हातात येईपर्यंत पंधरा-वीस सेंटिमीटर सरकलेली असते. तोच हिशोब.

दचकायला ०.१ सेकंद धरला, तर १८ मीटरवरचं हरीण बाण येईपर्यंत जेमतेम एक सेंटिमीटर खचतं. २७ मीटरवर सात. ३६ मीटरवर अठरा! अंतर दुप्पट झालं, पण घसरण कितीतरी पट वाढली, कारण ती वेळेच्या वर्गाने वाढते. हृदय आणि फुप्फुसांची जागा नाश्त्याच्या ताटलीएवढी. अठरा सेंटिमीटरमध्ये ती बाणाच्या वाटेतून निसटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे हरीण जखमी होऊन पळतं. बाण मारतो तो रक्तस्रावाने, बंदुकीच्या गोळीसारख्या धक्क्याने नव्हे.

म्हणून जाणते शिकारी वेगवान धनुष्यापेक्षा हरणाच्या मानेकडे जास्त बघतात. मान खाली, चरण्यात गुंग, तर ठीक. कान ताठ करून इकडेच बघणारं हरीण जवळ असलं तरी सोडून द्यायचं. चालत्या हरणाला तोंडाने आवाज काढून थांबवायची युक्ती आहे. हरीण थांबतं खरं, पण सावधही होतं.

दोरी ओढायची ती हरणाचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेल्यावर. मग ते आपल्याकडे पूर्ण बाजू करून उभं राहायची आणि अलीकडचा पुढचा पाय पुढे टाकायची वाट बघायची. पायाबरोबर खांद्याचं हाड सरकतं आणि त्यामागची फुप्फुसं उघडी पडतात. कंपाउंड धनुष्याच्या कप्प्या शेवटी बराचसा ताण स्वतःवर घेतात, म्हणून ३० किलोचं धनुष्य पाच-सहा किलोंवर धरून थांबता येतं. तरी मिनिटभरात दंड थरथरायला लागतो. तोवर हरणाने पाय टाकला नाही, तर बाण न सोडता दोरी सावकाश सैल करत पुन्हा जागेवर न्यायची.