खाऱ्या हवेतले जुने कॉम्प्रेसर

मिरगाचा पाऊस लागला की गोव्यातल्या घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. पावसाळाभर इथली हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. कळंगुटला किंवा कोलव्याला समुद्राजवळच्या खोलीत ठेवलेल्या प्रीअँपच्या (मायक्रोफोनचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राच्या) सर्किट बोर्डावरही हेच मीठ बसलेलं असतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. इथे जुनं रेकॉर्डिंगचं यंत्र दुरुस्तीला घ्यायचं तर पहिला संशय या मिठावर घ्यावा, पार्टवर नंतर.

1960च्या दशकात बिल पटनम यांनी काढलेला 1176 हा कॉम्प्रेसर घ्या. गाणाऱ्याचा आवाज एकदम चढला की कॉम्प्रेसर तो दाबतो, आणि उतरला की हळूहळू सोडतो. या सोडण्याला ‘रिलीज’ म्हणतात. 1176मध्ये ही वेळ ठरते 0.22 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (वीज साठवणारा पार्ट) सुमारे 5 मेगाओहमच्या पॉटमधून, म्हणजे नॉबने बदलणाऱ्या रेझिस्टरमधून, किती वेळात रिकामा होतो त्यावरून. दोन्हींचा गुणाकार केला की 1.1 सेकंद येतात, आणि नॉबवरचा सर्वांत सावकाश रिलीज तेवढाच आहे. आता बोर्डावरच्या ओलसर मिठातून आणखी 5 मेगाओहमची वाट तयार झाली, तर कपॅसिटर दोन वाटांनी रिकामा होतो आणि रिलीज निम्म्यावर, 0.55 सेकंदावर येतो. नॉब जागच्या जागी असतो, पण दोन शब्दांमधला श्वास आणि खोलीचा आवाज उसळून वर येतो. फेब्रुवारीत हेच यंत्र आपोआप बरं होतं! म्हणून पावसाळ्यात रिलीज बिघडला तर आधी बोर्डावर हेअर ड्रायरची कोमट हवा दोन-तीन मिनिटं सोडून पाहा. रिलीज लांबला, तर दोष गळतीचा आहे. पार्ट बदलून तो जाणार नाही.

साफसफाईत एक चूक सर्रास होते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की झालं, असं समजतात. अल्कोहोलने जुन्या सोल्डरचा राळेसारखा फ्लक्स निघतो, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही. आधी अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरून फ्लक्स काढायचा. मग डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, नळाचं नको. शेवटी पुन्हा 99 टक्के अल्कोहोल, म्हणजे पार्टखाली अडकलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर 50 अंशांच्या आसपास सहा-सात तास वाळवायचं. ट्रान्सफॉर्मर, पॉट, मीटर आणि रोटरी स्विच यांना पाणी लागू द्यायचं नाही. स्विचचे चांदीचा मुलामा दिलेले काँटॅक्ट काळे पडलेले असतात. त्यांना काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब देऊन स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवला की पुरे. पॉलिश पेपर लावला तर मुलामाच जातो.

पहिल्यांदा वीज देण्याआधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर आणि फ्यूज पाहा. अमेरिकेतून आलेलं यंत्र 115 व्होल्टवर असेल तर आपले 230 व्होल्ट त्याचा ट्रान्सफॉर्मर जाळतील. मग सिरीज बोर्डवर (यंत्राकडे जाणारी वीज आधी बल्बमधून नेणाऱ्या बोर्डवर) 60 वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावून यंत्र चालू करा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच झगझगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ट्यूबच्या यंत्रात बंद केल्यावरही तीनेकशे व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. हात घालण्याआधी ते 10 किलोओहम, 5 वॅटच्या रेझिस्टरमधून काही सेकंद रिकामे करा आणि मल्टिमीटरने खात्री करून घ्या. इथे घाई जिवावर बेतते.

आता कपॅसिटर. ‘सगळे बदलून टाका’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. फिल्म कपॅसिटर सहसा चांगले असतात. वाळतात ते इलेक्ट्रोलायटिक. तापमान 10 अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. पेटीत 55 अंश असतील तर 85 अंशांवर 2000 तासांचा म्हणून विकला जाणारा कपॅसिटर 16,000 तास टिकेल आणि 105 अंशांवर तेवढ्याच तासांचा 64,000 तास. रोज आठ तास वापर धरला तर साडेपाच वर्षं आणि जवळजवळ बावीस वर्षं असा हा फरक आहे, म्हणून बदलताना 105 अंशांचाच घ्यावा. कुठला बदलायचा ते यंत्राची गुणगुणच सांगते. ती 100 हर्ट्झची असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर गेले आहेत. 50 हर्ट्झची असेल तर अर्थिंग, केबल किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर तपासा. नॉब फिरवताना होणारी खरखर साफ करूनही जात नसेल तर पॉटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त मिळाला तर त्याआधीचा, डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे.

ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावू नये. 1970च्या नीव्ह 1073 प्रीअँपचा भरदार आवाज बराचसा त्याच्या इनपुट-आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून येतो. वाइंडिंग तुटलेलं नसेल तर तो बदलणं म्हणजे यंत्राचा गळाच बदलणं.

टेलेट्रॉनिक्सचा एलए-2ए हा दुसरा कॉम्प्रेसर दाबतो तो प्रकाशाने. आत एका बंद डबीत विजेवर उजळणारं पॅनल आणि त्याच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचे प्रकाशसंवेदी रेझिस्टर असतात. आवाज चढला की पॅनल उजळतं, रेझिस्टन्स घटतो, आवाज दबतो. पॅनलमधल्या फॉस्फरचा मोठा शत्रू पुन्हा ओलच. किती दाबायचं ते ठरवणारा ‘पीक रिडक्शन’ नॉब पूर्ण फिरवूनही मीटरची सुई जेमतेम दोन-तीन डेसिबल हलत असेल आणि ट्यूब ठीक असतील, तर पॅनल मंदावलं आहे. डबी सॉकेटमधून उपसून नवी बसवता येते.

दुरुस्तीनंतर प्रीअँपच्या इनपुटला 150 ओहमचा रेझिस्टर जोडा, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) 60 डेसिबल ठेवा आणि आउटपुटवरचा खरखराट मोजा. −68 डीबीयूच्या (सिग्नलची पातळी मोजायच्या एककाच्या) आसपास आला तर काम उत्तम. रेझिस्टरच्या स्वतःच्या उष्णतेचा खरखराटच −71च्या जवळ असतो, त्याखाली कोणी जाऊ शकत नाही. कॉम्प्रेसरची परीक्षा घुमटावर, म्हणजे गोव्यातल्या मातीच्या तालवाद्यावर, घ्यावी. एलए-2एला दाबायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे बोटांची थाप तशीच निसटते आणि मागचा घुमारा दबतो. या दाबायच्या वेळेला ‘अ‍ॅटॅक’ म्हणतात. 1176 सर्वांत वेगवान अ‍ॅटॅकवर 20 मायक्रोसेकंदांत पकडतो, थापेची धारच बोथट करतो. दोन्हींमधून वाजवलेली तीच थाप सारखीच ऐकू आली, तर 1176चा अ‍ॅटॅक पुन्हा उघडून पाहावा लागेल.

रॅक समुद्राकडच्या भिंतीला टेकवू नका. खोलीची आर्द्रता डिह्युमिडिफायरने 50-55 टक्क्यांवर ठेवा. पावसाळ्यात यंत्र वापरात नसलं तरी आठवड्यातून एकदा दोन तास चालू ठेवा.