लाभाचं पद वेगळं, सरकारी कंत्राट वेगळं: उद्योजक आमदारासाठी नियम काय आहेत?

"कंपनी माझ्या नावावर आहे. आमदार झालो तर ते लाभाचं पद धरतील का हो?"

शिवाजीनगर कोर्टाजवळच्या आमच्या कचेरीत हा प्रश्न दर निवडणुकीला येतो. विचारणारा कधी भोसरीचा कारखानदार असतो, कधी चाकणला सुटे भाग पुरवणारा, तर कधी रस्त्यांची कामं घेणारा ठेकेदार. उत्तर सोपं आहे: नाही. स्वतःची कंपनी हे सरकारचं पदच नव्हे, मग ते लाभाचं पद होईल कसं? ठेकेदाराला मात्र मी लगेच उठू देत नाही. त्याच्यासाठी कलमच दुसरं आहे.

लाभाचं पद येतं राज्यघटनेच्या कलम १९१ मध्ये. केंद्र किंवा राज्य सरकारच्या अखत्यारीतलं, ज्यातून आर्थिक लाभ मिळू शकतो असं पद आमदाराकडे असता कामा नये. घटनेत त्याची व्याख्या नाही, म्हणून न्यायालयं काही गोष्टी तपासतात. नेमणूक कोण करतं? काढून कोण टाकू शकतं? पैसे कोणाच्या तिजोरीतून येतात? मानधन प्रत्यक्षात घेतलं की नाही, याला महत्त्व नाही. २००६ साली जया बच्चन यांची राज्यसभेची जागा उत्तर प्रदेशातल्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे गेली. आपण मानधन घेतलं नाही, हे त्यांचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. मिळण्याजोगं होतं एवढं पुरे झालं. मंत्रिपदाला घटनेनंच सूट दिली आहे, आणि राज्याला कायदा करून इतर पदांनाही सूट देता येते. महामंडळांची अध्यक्षपदं आमदारांना वाटता येतात ती याच वाटेनं.

कंत्राटाचा मामला लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९अ मध्ये आहे. उमेदवारानं आपल्या व्यापार-धंद्याच्या ओघात राज्य सरकारशी केलेला करार चालू असेल, तर तो आमदारकीला अपात्र. पण करार दोनच प्रकारचे धरले जातात: सरकारला माल पुरवण्याचे, नाहीतर सरकारनं हाती घेतलेलं काम करून देण्याचे. दारूविक्रीचा परवाना यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलं. खाणीचा पट्टा, म्हणजे खाण चालवण्याचा भाडेकरार, तोही बसत नाही, असा निकाल २००१ मध्ये आला.

२०२२ मध्ये झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्या खाणपट्ट्याचं प्रकरण गाजलं तेव्हा बातम्यांचे मथळे सर्रास 'लाभाचे पद' म्हणत होते. तक्रार होती कलम ९अ खाली. दोन्ही तक्रारी राज्यपालांकडे जातात आणि दोन्हींत निवडणूक आयोगाचं मत घ्यावं लागतं, म्हणून गल्लत होते हे मी समजू शकतो. पण एका कलमात माणूस सरकारचा पदधारी असतो, दुसऱ्यात सरकारशी व्यवहार करणारा. पुरावा वेगळा, बचावही वेगळा.

ठेकेदाराची फाइल उघडली की वरच कार्यारंभ आदेश असतो, खाली मोजमाप पुस्तकाच्या, म्हणजे झालेल्या कामाच्या नोंदवहीच्या प्रती, मग देयकं. मी शोधतो तो काम पूर्ण झाल्याचा दाखला. अर्जांच्या छाननीच्या दिवशी करार चालू होता का, एवढाच प्रश्न असतो. बिल थकलं असेल तर घाबरायचं कारण नाही: उमेदवारानं आपल्या बाजूचं काम पुरं केलं असेल आणि फक्त सरकारनं पैसे द्यायचे राहिले असतील, तर करार चालू धरत नाहीत, असं कलमातच लिहिलंय. देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी अजून अंगावर असेल, तर मात्र मी वकिलांना दाखवल्याशिवाय अर्ज भरू देत नाही.

करार कोणाच्या नावावर आहे यावरही बरंच ठरतं. भागीदारी पेढी म्हणजे भागीदारच, त्यामुळे पेढीचं कंत्राट उमेदवाराला चिकटतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती, तिचं कंत्राट संचालकाचं नव्हे. सरकारचं २५ टक्के किंवा जास्त भांडवल असलेल्या कंपनीच्या व्यवस्थापकाला त्याच १९५१ च्या कायद्याचं कलम १० अपात्र ठरवतं, पण त्यातून सहकारी संस्था वगळल्यात. सहकारी साखर कारखान्यांत राज्य सरकारचं भागभांडवल असतं, म्हणून आपल्या जिल्ह्यात ही सूट फार कामाची.

मला खरं खुपतं ते पुढचं. ९अ मध्ये सरकार म्हणजे राज्य सरकार. पुणे महापालिका ही स्वतंत्र संस्था, त्यामुळे पालिकेचं ड्रेनेजचं काम चालू असलेला ठेकेदार आमदारकी लढवू शकतो. तोच माणूस पालिकेत नगरसेवक व्हायला निघाला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम १० आडवं येतं, आणि ते बरंच कडक आहे: पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असला तरी अपात्र. आमदारांच्या कायद्यातही पूर्वी 'हिस्सा किंवा हितसंबंध' असे शब्द होते. ते १९५८ मध्ये काढले. माझ्या मते ते परत यायला हवेत. नगरसेवकाला लावलेली चाळणी आमदाराला सैल का?

तोवर मतदाराच्या हाती आहे तो नमुना २६, म्हणजे उमेदवाराचं शपथपत्र. उमेदवार, जोडीदार, अवलंबून असणारे, उमेदवाराची भागीदारी असलेल्या पेढ्या आणि शेअर असलेल्या खाजगी कंपन्या, या सगळ्यांच्या सरकारी कंत्राटांचा तपशील त्यात द्यावाच लागतो. अपात्रतेत न बसणारी कंपनीही तिथे दिसते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही उघडता येतं. मालमत्तेच्या आकड्यावर सगळे थांबतात, कंत्राटांचा रकाना त्याच्या पुढच्या पानांत असतो.