अमेरिकेतले राज्यांचे डेटा प्रायव्हसी कायदे आणि वेबसाइट अ‍ॅक्सेसिबिलिटी

अमेरिकेत सगळ्या देशाला लागू होईल असा ग्राहकांच्या डेटाचा एकच सर्वसाधारण कायदा नाहीये. दवाखान्याच्या माहितीसाठी वेगळा, बँकेसाठी वेगळा, लहान मुलांसाठी वेगळा असा कारभार, आणि उरलेली जागा राज्यांनी आपापल्या परीने भरलीये. सुरुवात कॅलिफोर्नियाने केली, म्हणून इथे मुख्यतः तिथलंच बघू.

तिथला कायदा, कॅलिफोर्निया कन्झ्युमर प्रायव्हसी अ‍ॅक्ट, सगळे सीसीपीए म्हणतात, 28 जून 2018 ला सही होऊन 1 जानेवारी 2020 पासून लागू झाला. तो आला कसा तेही मजेशीर आहे. अ‍ॅलिस्टर मॅकटॅगार्ट नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल्डरने स्वतःचे पैसे घालून थेट जनमताला टाकायचा प्रस्ताव तयार केला, 6 लाखांच्या वर सह्या जमवल्या, मग कंपन्यांचं धाबं दणाणलं, कारण जनमताने झालेला कायदा नंतर बदलणं महाकठीण. त्यापेक्षा विधिमंडळानेच केलेला परवडला म्हणून घाईघाईत बिल पास झालं आणि त्याने प्रस्ताव मागे घेतला. पण 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तोच माणूस प्रपोझिशन 24 हा जनमताचा प्रस्ताव घेऊन परत आला आणि तो पासही झाला. त्यामुळे कायदा आणखी कडक झाला (बदल 2023 पासून लागू) आणि याच कामासाठी एक स्वतंत्र सरकारी एजन्सी उभी राहिली.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सहसा याची चिंता नाही. वर्षाची उलाढाल अडीच कोटी डॉलरच्या वर (महागाईप्रमाणे वाढवून 2025 पासून 2 कोटी 66 लाख 25 हजार), किंवा 1 लाख ग्राहकांचा वा घरांचा डेटा विकत घेणं-विकणं-शेअर करणं, किंवा निम्मी कमाई डेटा विकून-शेअर करून, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनी कायद्यात आली. मग ग्राहक विचारू शकतो की माझी काय माहिती ठेवलीये, ती पुसा, चुकीची असेल तर दुरुस्त करा, आणि विकू नका. पहिल्या तीन गोष्टींना 45 दिवसांत उत्तर द्यायचं, गरज पडली तर तेवढीच मुदत आणखी वाढवून मिळते.

खरी गोम 'विकणं' या शब्दात आहे. आपल्याला वाटतं पैसे घेतले तरच विक्री, पण या कायद्यात पैशाऐवजी दुसरा काही फायदा घेऊन डेटा दिला तरी ती विक्रीच. सेफोरा या मेकअपच्या साखळीला 2022 मध्ये 12 लाख डॉलर भरावे लागले ते यावरूनच, साइटवर बाहेरच्यांचे ट्रॅकर, म्हणजे ग्राहक काय बघतो त्याची नोंद ठेवणारे कोड, चालू होते, ग्राहकाला तसं सांगितलं नव्हतं आणि ब्राउझरने पाठवलेला 'विकू नका' हा सिग्नलही पाळला नव्हता.

व्हर्जिनिया, कोलोरॅडो, कनेटिकट, युटा, टेक्सास असे करत आता वीसच्या आसपास राज्यांत असे कायदे आहेत, बरेचसे व्हर्जिनियाच्या साच्यातले आणि कंपन्यांना जरा सोपे.

आता अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे अंध, बहिऱ्या किंवा माउस न वापरता येणाऱ्या माणसाला साइट वापरता येणं. इथे मूळ कायदा देशपातळीवरचा, 1990 चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट, आणि तेव्हा वेबसाइट हा प्रकारच नसल्यामुळे त्यात तिचा उल्लेख नाही, म्हणून सगळी भांडणं कोर्टात. गाजलेली केस डॉमिनोजची: एका अंध ग्राहकाला स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून पिझ्झा मागवता येईना, 2019 मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीचं केंद्राचं अपील कोर्ट) सांगितलं की दुकानाशी जोडलेल्या साइटला आणि अ‍ॅपला हा कायदा लागतो, सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. ज्याला दुकानच नाही, नुसती साइट आहे, त्याचं काय? 2022 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने अशी साइट त्यात येत नाही असं म्हटलं.

तरी कंपन्या घाबरतात त्या कॅलिफोर्नियाच्या 1959 च्या अनरू कायद्याला, म्हणजे धंद्यात ग्राहकांशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्याला. केंद्राच्या 1990 च्या कायद्यात दुकानं-व्यवसायांसाठी जे कलम आहे त्याखाली खाजगी दाव्यात नुकसानभरपाई मिळत नाही, फक्त सुधारणा करण्याचा आदेश आणि वकिलाचा खर्च, पण केंद्राचा कायदा मोडला की अनरूही मोडला आणि तिथे कमीत कमी 4,000 डॉलर. नुसते दावे लावून पैसे काढणारे वकील आहेत ही ओरड खोटी नाही, पण फॉर्म भरता न येणारा माणूसही खराच असतो.

दोन्ही विषय भेटतात ते एका साध्या जागी. सीसीपीएच्या नियमांतच लिहिलंय की प्रायव्हसी नोटीस अपंग ग्राहकालाही वाचता आली पाहिजे, आणि त्यासाठी डब्ल्यूसीएजी 2.1 या वेबसाइट अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव घेतलंय. म्हणजे 'माझी माहिती विकू नका' ही लिंक फिक्या करड्या रंगात तळाशी लपवली (या मानकात साध्या अक्षराला मागच्या रंगाशी 4.5:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडाचा फरक, लागतो), किंवा कुकीचा बॅनर कीबोर्डने बंदच होत नसेल, तर हक्क कागदावर आहे, वापरता येत नाही.

यावर एक ओळीचा कोड टाका आणि निश्चिंत व्हा असं सांगणारी विजेट विकली जातात. त्यातल्या अ‍ॅक्सेसीबी कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी केंद्राची संस्था) फसव्या दाव्यांचा ठपका ठेवला आणि 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी टॉड स्नायडर या कपड्यांच्या ब्रँडला कॅलिफोर्नियाच्या एजन्सीने 3 लाख 45 हजार डॉलरच्या वर दंड केला, त्यातलं एक कारण म्हणजे 'विकू नका' वाली सोय 40 दिवस चालतच नव्हती. टूल बाहेरच्या कंपनीचं होतं, पण जबाबदारी ब्रँडचीच धरली.

पुण्या-मुंबईत अमेरिकन क्लायंटच्या साइट बनवणाऱ्यांना हे कायदे थेट लागू होतात असं नाही, ते येतात कॉन्ट्रॅक्टमधून. ग्राहकांचा डेटा ज्याच्याकडे सोपवायचा त्याच्याशी ठराविक अटींचा करार करणं सीसीपीएखाली बंधनकारक आहे, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाने 'पुसा' म्हटलं की तो डेटा हिंजवडीतल्या टीमलाही आपल्या सर्व्हरवरून काढावा लागतो.