कुंडीतला वाफसा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या फ्रिजवर, सरबताच्या जुन्या बाटलीत एक मनीप्लांट आहे. सहा वर्षं झाली त्याला. माती नाही, खत नाही. आठवण झाली की पाणी बदलायचं, एवढाच त्याचा पाहुणचार. याच वेलाची फांदी तिनं गेल्या वर्षी बाल्कनीतल्या टांगत्या कुंडीत लावली आणि त्यासाठी माहेरच्या रानातली काळीभोर माती पोत्यातून आणवली. दोन महिन्यांत पानं पिवळी पडली, देठ लिबलिबीत झाले. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटून हातात, वर कुजका वास. "पाणी तर रोज घालते की गं," ती म्हणाली. मग तिनं जे विचारलं ते मात्र मला आवडलं: जो वेल नुसत्या पाण्यात सहा वर्षं जगतो, तो ओल्या मातीत कुजतो कसा?

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे याचं उत्तर. मूळ पाण्यातच वाढलं तर ते आपल्या आत हवेच्या नळ्या तयार करतं आणि वरच्या भागातला ऑक्सिजन त्या नळ्यांतून टोकापर्यंत पोचवतं. शिवाय बाटलीतलं पाणी स्वच्छ असतं, अधूनमधून बदललं जातं, त्यामुळे त्यातला ऑक्सिजन फस्त करणारे जंतू फार नसतात. चिखलात दोन्ही गोष्टी उलट्या. मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत असतात आणि नवा ऑक्सिजन यायची वाट पाण्यानं तुंबलेली असते. हवेपेक्षा पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात आणि पिथियमसारखे कूज आणणारे सूक्ष्मजीव त्यांचा ताबा घेतात. गंमत अशी, की गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखी माना टाकतात. ते पाहून आपण आणखी तांब्याभर पाणी ओततो.

आता त्या काळ्या मातीबद्दल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला आणि तो झिजून ही माती बनली. तिच्यातल्या चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून कमी. त्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. हे खनिज पदरांचं असतं, तव्यावर फुगलेल्या घडीच्या पोळीसारखं, आणि पाणी थेट पदरांच्या आत शिरतं. म्हणून ही माती भिजली की फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. या खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे पदर उलगडून मांडता आले, तर कित्येकशे चौरस मीटर जागा व्यापतील. एवढ्या अंगाला पाणी चिकटून बसतं.

याच गुणावर मंगळवेढ्याची ज्वारी उभी आहे. जिल्ह्यात पाऊस वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही लहरी. परतीच्या पावसाची ओल जमिनीत साठते, त्या ओलीवर मालदांडी ही ज्वारीची जात पेरली जाते आणि पुढे थेंबभर पाऊस नसतानाही कणसं भरतात. पण रानातल्या जमिनीला मीटरभर खोली असते. वरचं जादा पाणी खाली ओढलं जातं, वरून ऊन-वारा लागतो आणि चार-आठ दिवसांत वाफसा येतो. शेतकऱ्याच्या तोंडातला हा शब्द फार नेमका आहे. माती ओली आहे पण चिकटत नाही, कणाला पाणी धरलेलं आहे आणि कणांमधल्या फटी हवेला मोकळ्या आहेत, ती अवस्था म्हणजे वाफसा. त्याआधी रानात पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, घालायची नसते, हे पोरालाही ठाऊक असतं. मग तीच माती पंधरा सेंटिमीटरच्या कुंडीत भरताना वाफशाचा विचार कुणी का करत नाही?

कुंडीत तो येत का नाही, हे बघायला सोलापूरकरांना प्रयोगशाळा नको, धुतलेली चादर पुरे. चादर दोरीवर टाकली की आधी पाणी गळतं, मग थेंब थांबतात. तरी खालची किनार कितीतरी वेळ चिंबच राहते. वजनामुळे पाणी खाली येतं, पण धाग्यांमधल्या बारीक फटी त्याला धरून ठेवतात; दोन्ही ओढी जिथे बरोबर होतात तिथे ओला पट्टा उरतो. चादर आडवी वाळत घाला किंवा उभी, पट्ट्याची उंची तेवढीच. फक्त आडवी घातली तर तो पट्टा लांबलचक होतो, म्हणून एकूण पाणी जास्त अडकतं. कुंडीच्या तळाशीही असाच चिंब थर असतो, भोक कितीही मोठं असो. पसरट, उथळ कुंडीत त्या थराचा वाटा मोठा. माती जितकी बारीक, तितका थर उंच. काळ्या मातीत तो पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच चढतो, म्हणजे कुंडी तळापासून काठापर्यंत किनारच झाली.

तळाला खडे किंवा खापरं घालायचा सल्ला सगळेच देतात. त्यानं काही साधत नाही. बारीक फटींतलं पाणी मोठ्या पोकळीत आपणहून उतरत नाही. ओला थर खड्यांच्या वर सरकून बसतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरतो. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळणं हाही असाच फसवा उपाय. शेंगदाण्यांनी भरलेल्या डब्यात पीठ ओतलं तर डबा मोठा होत नाही, पीठ फटींत जाऊन बसतं. वाळू आणि चिकणमातीचं तेच होतं. वाळू मातीच्या कित्येक पट असल्याशिवाय फटी मोकळ्या राहतच नाहीत. आणि एवढ्या वाळूची कुंडी छताच्या हुकाला टांगायची? ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते. सहा लिटरच्या टोपलीचं ओझं दहा किलोच्या आसपास होतं.

म्हणून टांगत्या वेलाला मातीऐवजी मिश्रणच हवं. मी मापाला स्वयंपाकघरातलं एखादं जुनं भांडं घेते: चार भांडी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भांडी जाड भरड, एक भांडं गांडूळखत, अर्धं भांडं लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरूनही हवेला जागा ठेवतं. त्यात क्षार असतात, म्हणून दोनदा भिजवून पिळून घ्यावं. गांडूळखत जास्त घालायचा मोह आवरा, ते बारीक असतं आणि फटी बुजवतं.

भरड म्हणजे परलाइट मिळालं तर उत्तम. ही ज्वालामुखीची काच. ८५०-९०० अंशांना तापवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि काच फुलते. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात त्यामागे हेच विज्ञान. परलाइट महाग वाटलं तर विटेचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या, पण चाळून. चाळणीखाली पडलेली लाल धूळ कुंडीत गेली की सगळ्या कष्टावर पाणी. क्रशरवरचा कच मात्र जड पडतो. शेंगाचटणीच्या या शहरात भुईमुगाची टरफलं फुकट मिळतात. ताजी घालू नका. ती कुजवताना सूक्ष्मजीव मिश्रणातला नत्र ओढून घेतात आणि वेल फिकट पडतो. वर्षभर खड्ड्यात मुरलेली चालतील.

इंटरनेटवर अशा वेलांसाठी झाडाच्या सालीचे ढेकळाएवढे तुकडे सुचवतात. दमट हवेत ते ठीक. सोलापुरात पारा ४२-४३ वर असताना आणि हवा कोरडी ठणठणीत असताना असं मिश्रण सकाळी भिजवावं तर संध्याकाळी वाळलेलं असतं. आपल्याकडे पाणी धरणारा भाग निम्म्याहून थोडा जास्तच असू द्यावा. बहिणीला अजून काळ्या मातीची माया आहेच; तिला मी दहा भांड्यांत एक भांडं परवानगी दिली, वाळवून, फोडून, चाळून. पोषक क्षार धरून ठेवायला चिकणमातीसारखं दुसरं काही नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

बोअरचं पाणी हा वेगळा त्रास. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजावं, चुन्याचे क्षार साचताहेत. त्यांनी मिश्रण अल्कधर्मी होतं, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणारे बरेच जण आहेत. पाणी वाचवण्याची तळमळ समजते, पण गाळलेल्या पाण्यातले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरावं. महिन्यातून एकदा भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल असं भिजवलं की साठलेले क्षार बरेचसे निघून जातात.

नव्या मिश्रणात बहिणीनं पुन्हा बाटलीतलीच फांदी लावली. पाण्यात वाढलेली मुळं कोरडं सोसत नाहीत, म्हणून पहिले दोन आठवडे कुंडी ओलसर ठेवली. त्यानंतर बोटाचं पहिलं पेर खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. चार महिन्यांत वेल काठावरून हातभर खाली आला. परवा तिचा फोन आला: "सगळं झक्कास आहे गं, पण पानं बारीकच राहिलीत. माती आणखी काय घालून बदलू?"

मातीचा इथे काही संबंध नाही. हा वेल मुळात प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटाचा. तिथे तो झाडांवर चढतो आणि चढताना त्याची पानं मोठमोठी होत जातात, हात-दोन हातांची, कडेनं फाटलेली. खाली लोंबकळू लागला की आधार सुटल्याचं त्याला कळतं आणि पानं लहान होत जातात. मोठी पानं हवी असतील, तर टोपली खाली उतरवून कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी लागेल. बहीण म्हणाली, मग बाल्कनीतून लोंबणार काय?